पंपिंग करताना दुधाची गाठ झाली तर काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. छातीत गाठ लागली की हात आपोआप तिच्यावर जातो, आपण ती दाबायला, चोळायला, "फोडायला" लागतो आणि दुसऱ्या हाताने पंपाचं सक्शन वाढवतो. हे दोन्ही आत्ता थांबवा. सक्शन कमी करा, गाठीवरचा हात काढा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावा आणि पुढचं पंपिंग नेहमीच्याच वेळेला करा, आधी नाही आणि जास्त वेळही नाही. बहुतेक गाठी एवढ्यावरच एक-दोन दिवसांत बसतात.

हे वाचून काही जणी म्हणतील की आम्हाला तर उलटंच सांगितलंय, गरम शेक घे, जोरात मसाज कर, दर दोन तासांनी पंप लाव आणि छाती पूर्ण रिकामी कर. बरोबर आहे, कित्येक वर्षं सगळीकडे हेच सांगितलं जायचं, डॉक्टरही सांगायचे. पण २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने लिहिली आणि त्यात हा जुना सल्ला बराचसा मागे घेतला. त्यामुळे सध्या दोन्ही प्रकारची माहिती फिरत असते आणि रात्री तीन वाजता मोबाईलवर शोधणाऱ्या बाईचा पार गोंधळ उडतो.

गाठ म्हणजे आत नक्की काय झालेलं असतं

आपण "नळी चोकअप झाली" म्हणतो, त्यामुळे डोळ्यासमोर येतं ते असं की दुधाचं एक घट्ट बूच कुठेतरी अडकलंय आणि ते जोर लावून बाहेर काढायचंय. पण आतली रचना तशी नाहीये. दुधाच्या नळ्या खूप बारीक असतात, साधारण २ मिलिमीटरच्या आसपास, एकमेकींत गुंतलेल्या, आणि निपलवर त्यांची एकच नाही तर बरीच तोंडं उघडतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००५ मध्ये सोनोग्राफीने बघितलं तेव्हा एका बाजूला सरासरी ९ मुख्य नळ्या सापडल्या, आणि जुन्या पुस्तकांतल्या चित्रांत निपलच्या मागे दूध साठवणाऱ्या ज्या पिशव्या दाखवतात त्या सापडल्याच नाहीत. दूध तयार होतं मागच्या बारीक पेशींच्या घोसांमध्ये आणि पान्हा फुटला की तिथून पुढे ढकललं जातं.

आता होतं काय, तर काही कारणाने एखाद्या भागात दूध जास्त वेळ थांबलं, किंवा त्या भागावर दाब आला, किंवा मुळात दूध गरजेपेक्षा खूप जास्त बनतंय, की तिथल्या टिश्यूला सूज येते. रक्तपुरवठा वाढतो, पाणी साठतं, आणि ती सूज आधीच बारीक असलेल्या नळ्यांना बाहेरून आवळते. म्हणून दूध येईना होतं. म्हणजे अडथळा बराचसा बाहेरून आहे. मग तुम्ही तिथे जोराने चोळलंत तर काय होणार, सूज वाढणार, बारीक रक्तवाहिन्यांना इजा होणार आणि नळी आणखी आवळली जाणार. आणि जास्त वेळा पंप केलंत तर शरीराला कळतं की मागणी वाढलीये, मग दूध आणखी बनतं, त्याच सुजलेल्या जागेत. हे चक्र लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप पटतं, नाहीतर प्रत्येक वेळी "पण रिकामं केल्याशिवाय बरं कसं वाटेल" हा प्रश्न मनात राहतोच.

गाठ ओळखायची कशी? एका ठराविक जागी टणक, हुळहुळी झालेली जागा, कधी वाटाण्याएवढी तर कधी अख्खा एक पट्टा, बहुतेक वेळा एकाच बाजूला. त्या बाजूने दूध कमी येतं किंवा थेंबथेंबच येतं. दोन्ही बाजू सगळीकडून सारख्याच टणक आणि चकचकीत झाल्या असतील, विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात, तर ते दूध भरून येणं आहे, त्याला एका जागची गाठ म्हणत नाहीत, पण सूज कमी करायचे उपाय जवळपास तेच.

पहिल्या दिवशी करायचं ते

बर्फ. थेट कातडीवर नाही, पातळ रुमालात गुंडाळून, १० ते १५ मिनिटं, आणि हवं तर तासाभराने परत. पंपिंग झाल्यावर लगेच लावला तर जास्त बरं वाटतं. गरम शेकाने सूज वाढू शकते म्हणून तो मुख्य उपाय धरू नका. काही जणींना पंपिंगच्या आधी दोन मिनिटं कोमट कपडा ठेवला की पान्हा लवकर फुटतो, तेवढ्यापुरतं ठीक आहे, पण अर्धा-अर्धा तास कडकडीत गरम पाण्याखाली उभं राहून गाठ दाबत बसणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

गोळी. आयबुप्रोफेन सूज आणि दुखणं दोन्ही कमी करतं आणि दुधात अगदी नगण्य उतरतं, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या किंवा पंप करणाऱ्या आईला साधारणपणे चालतं. पॅरासिटामॉलही चालतं, ते दुखणं आणि ताप कमी करतं, सुजेवर मात्र विशेष काम करत नाही. पण ज्यांना अल्सर, किडनीचा त्रास, दमा, वाढलेलं बीपी आहे किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नका, आणि डोस तर सगळ्यांनीच डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला विचारून घ्या. रिकाम्या पोटी घेऊ नका. सोसत बसण्यात काही शहाणपणा नाहीये, सूज उतरली तरच दूध सुटणार आहे, म्हणजे इथे गोळी नुसती दुखणं मारायला नाही, तो उपचारच आहे.

हात फिरवणं. याला मसाज म्हटलं की लगेच जोर लागतो म्हणून मी मुद्दाम हात फिरवणं म्हणतेय. मांजरीच्या अंगावरून हात फिरवावा इतकाच दाब, बोटांखालची फक्त कातडी सरकली पाहिजे, आतली गाठ हलताही कामा नये. उताणं पडा किंवा मागे टेकून बसा. आधी गळ्याच्या हाडाच्या वर आणि काखेत बोटांनी छोटे छोटे गोल फिरवा, दहा-दहा वेळा, कारण सुजेतलं पाणी जाणार आहे ते तिकडच्या लसिका ग्रंथींकडे. मग छातीवरून हलकेच काखेच्या दिशेने आणि गळ्याच्या हाडाच्या दिशेने हात फिरवा. दिशा नीट बघा, निपलकडून बाहेर. आपल्या डोक्यात मात्र असतं की गाठीपासून निपलकडे ढकलायचं, कारण दूध तिकडून बाहेर येतं ना. पण आत्ता आपण दूध काढत नाही आहोत, पाणी हलवतोय.

आणि पंपिंग. इथेच सगळ्यांची गडबड होते म्हणून जरा सविस्तर. तुमचं जे वेळापत्रक आहे तेच ठेवा. बाळ फक्त पंप केलेल्या दुधावर असेल आणि तुम्ही दिवसातून आठ वेळा काढत असाल तर आठच वेळा. वगळूही नका, कारण मग छाती तुडुंब भरून सूज वाढते. वाढवूही नका. सुरुवातीला पंपाचा हलका-जलद मोड ठेवा, पान्हा फुटला की नेहमीच्या मोडवर जा, आणि सक्शन रोज ठेवता त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या खाली. १५-२० मिनिटं झाली की बंद, त्या बाजूला अजून टणक लागत असलं तरी बंद. हे मनाला फार अवघड जातं, माहितीये. हाताला गाठ लागतेय आणि आपण पंप काढून ठेवतोय, हे चुकीचंच वाटतं. पण वीस मिनिटांत जे सुटलं नाही ते पन्नास मिनिटांत सुटत नाही, फक्त निपल सुजतं आणि पुढच्या वेळेला आणखी कमी येतं.

काही वेळा निपलच्या भोवतीचा काळा भाग एवढा सुजतो की पंप लावून एक थेंब येत नाही. तेव्हा पंपाशी झटापट करू नका. दोन्ही हातांची बोटं निपलच्या बुडाशी भोवताली ठेवा आणि आतल्या बाजूला, म्हणजे छातीच्या पिंजऱ्याच्या दिशेने, हलकेच दाबून अर्धा ते एक मिनिट तसंच धरा. बोटं उचलली की तिथे छोटे खळगे दिसतात, ते दिसले म्हणजे पाणी मागे सरकलं. बोटांची जागा बदलून परत एकदा करा. भाग मऊ लागला की लगेच हाताने थोडं दूध काढा किंवा पंप लावा. हे काहीच दुखता कामा नये, दुखलं तर जोर जास्त होतोय.

बाळ अंगावरही पीत असेल तर पाजत राहा, दोन्ही बाजूंना, नेहमीसारखं. दुखणाऱ्या बाजूचं दूध बाळाला चालतं का हा प्रश्न हमखास येतो. चालतं. चव थोडी खारट होते कारण सुजेत दुधातलं सोडियम वाढतं, एखादं बाळ तोंड वाकडं करतं, पण अपाय नाही. बाटलीत कधी पांढुरकी चिकट दोरी किंवा दाणेदार काही आलेलं दिसलं तर घाबरू नका, ते घट्ट झालेलं दूधच असतं, हवं तर काढून टाका. किंचित गुलाबी छटा आली तर तेही बहुतेक वेळा बारीक रक्तवाहिनी दुखावल्याचं असतं आणि बाळाला त्याने काही होत नाही, पण रंग रोजच येत राहिला तर दाखवून घ्या.

करायचं नाही ते

व्हायब्रेट होणारी मशीनं, इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू, कंगव्याचे दात, लाटणं, मुठीने रगडणं, यातलं काहीही गाठीवर जोराने चालवू नका. निळंकाळं पडेपर्यंत चोळलेल्या छात्या घेऊन बायका दवाखान्यात जातात आणि मग गाठीपेक्षा त्या माराचंच दुखणं जास्त दिवस पुरतं. मिठाच्या पाण्यात निपल बुडवून ठेवणं, सिलिकॉनच्या पंपात एप्सम सॉल्टचं गरम पाणी भरून लावणं, हेही खूप चालतं, पण त्याने कातडी फुगून नाजूक होते आणि चिरते, त्यामुळे नव्या मार्गदर्शक तत्त्वांत ते नको म्हणूनच सांगितलंय. ओणवं होऊन पाजलं की गाठ गुरुत्वाकर्षणाने खाली येते असंही सांगतात. तसं पाजल्याने नुकसान काही नाही, पण पाठीची वाट लागते आणि त्याची गरजही नाही.

निपलच्या टोकावर पांढरा किंवा पिवळसर ठिपका दिसतोय, टाचणीच्या टोकाएवढा, आणि पंप चालू केला की तिथेच सुई टोचल्यासारखं होतंय? सुई घेऊन तो फोडू नका, उकळलेली असली तरी नाही. फोडला की दोन मिनिटं मस्त वाटतं, दूध फवारतं, आणि मग ती जखम भरताना तिथे कातडी आणखी जाड होते आणि ठिपका परत येतो. यावर डॉक्टर लावायला स्टेरॉईडचं मलम देतात आणि मूळ सूज कमी करायला सांगतात. पुढच्या वेळी पाजायच्या किंवा पंप लावायच्या आधी मलम पुसून घ्यायचं.

लेसिथिनबद्दल, म्हणजे कॅप्सूलमध्ये मिळणाऱ्या एका स्निग्ध पदार्थाबद्दल, सगळ्या विचारतात. सूर्यफूल किंवा सोयाचं लेसिथिन दिवसाला ५ ते १० ग्रॅम असं त्या मार्गदर्शक तत्त्वांतही दिलंय. पुरावा काही फार भक्कम नाही, पण काही जणींना परत परत येणाऱ्या गाठींसाठी उपयोग होतो. माझं मत विचाराल तर आधी पंप तपासा, मग लेसिथिन. कॅप्सूल घेत राहायच्या आणि फ्लॅंज, म्हणजे पंपाचा छातीवर टेकवायचा नरसाळ्यासारखा भाग, चुकीच्या साईझचाच ठेवायचा, याला अर्थ नाही.

आता पंपाकडे वळू, कारण पंप करणाऱ्यांचं अर्धं कारण तिथेच असतं

अंगावर पिणारं बाळ जसं ओढतं तसं पंप ओढत नाही, आणि पंपाला कुठलीही तक्रार करता येत नाही, त्यामुळे काय चुकतंय ते आपल्यालाच बघावं लागतं. सगळ्यात आधी फ्लॅंजचा साईझ. पंपाबरोबर डब्यात बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचा येतो, कधी २७-२८ चा, आणि आपण तो सगळ्यांसाठीच असतो असं समजून वापरत राहतो. कित्येक जणींना प्रत्यक्षात १५ ते २१ च्या मधला लागतो. माझ्या डब्यात २४ चा होता, लागला १८ चा, आणि बदलल्यावर त्याच वेळात दूधही जास्त आलं.

मोजायचं असं. पंपिंगच्या आधी, नंतर नाही, कारण नंतर निपल फुगलेलं असतं. पट्टी घेऊन फक्त निपलची रुंदी बुडाशी मोजा, मिलिमीटरमध्ये, काळा भाग धरायचा नाही. जो आकडा येईल त्यात शून्य ते तीन मिळवा, तो तुमचा फ्लॅंज. दोन्ही बाजू वेगवेगळ्या निघू शकतात, आणि काही महिन्यांनी बदलूही शकतात. पूर्ण नवीन फ्लॅंज घ्यायची गरज नसते, आतमध्ये बसवायचे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात, आधी ते लावून बघा.

मग पंप चालू करून नीट खाली बघा, चांगल्या उजेडात. फ्लॅंजच्या नळीत निपल सरळ मागेपुढे जातंय का? नळीच्या भिंतीला सगळीकडून घासतंय, टोक पांढरं पडतंय, काढल्यावर बुडाशी गोल वळ दिसतोय, तर लहान होतोय. आणि काळ्या भागाचा बराचसा हिस्सा नळीत आत खेचला जातोय, काढल्यावर तो भाग सुजून गोल फुगलेला दिसतोय, तर मोठा होतोय, आणि गाठींच्या बाबतीत हा मोठा फ्लॅंजच जास्त नडतो कारण ती सूज नळ्यांच्या तोंडाशीच येते.

दुसरं, फ्लॅंज दाबून धरायची सवय. दूध गळू नये म्हणून आपण तो छातीत रुतवतो, कोपर टेकवून पुढे झुकतो, एका हाताने फोन चालू असतो आणि दुसऱ्या हाताचा सगळा भार त्या प्लॅस्टिकच्या कडेवर. काढल्यावर गोल खोल रेघ दिसते ना, त्या रेघेखालच्या नळ्या वीस मिनिटं दाबलेल्या होत्या. तुमची गाठ नेहमी त्याच रेघेच्या आसपास येते का ते एकदा बघा. फक्त हवा आत जाणार नाही इतकंच टेकवायचं. पंपिंग ब्रा वापरत असाल तर ती घट्ट नको.

ब्राच्या आत घालायचे वायरलेस कप सोयीचे आहेत याबद्दल वादच नाही, ऑफिसमध्ये तर वरदानच. पण त्यात निपल मध्यभागी बसलंय का ते दिसत नाही, कप भरत जातो तसा जड होतो, आणि ब्रा त्याला छातीवर आवळून धरते. गाठी वारंवार होत असतील तर थोडे दिवस दिवसातलं निदान सकाळचं आणि रात्रीचं पंपिंग साध्या फ्लॅंजवर करून बघा, म्हणजे कारण तिथे आहे की नाही ते कळेल.

तिसरं, पंपाचे रबरी भाग. बदकाच्या चोचीसारखा दिसतो म्हणून ज्याला डकबिल व्हॉल्व्ह म्हणतात तो उजेडाकडे धरून बघा. चोचीची फट बंद दिसली पाहिजे. उघडी दिसतेय किंवा कोपऱ्यात चीर गेलीये तर सक्शन गळतंय. बोटाने किंवा ब्रशने आतून घासला की तो लवकर खराब होतो. दिवसात बऱ्याच वेळा पंप करत असाल तर हा भाग साधारण एक-दोन महिन्यांत बदलावा लागतो, तुमच्या पंपाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. सक्शन हळूहळू कमी होतं त्यामुळे लक्षातच येत नाही, आपण नुसते आकडे वाढवत जातो, दूध नीट निघत नाही, आणि मग गाठ.

सक्शन जास्त म्हणजे दूध जास्त, हा समज काढून टाका. जिथे किंचितही दुखत नाही अशी सगळ्यात वरची पायरी, तीच तुमची. दुखलं की शरीर पान्हा अडवून धरतं, मग मशीन कितीही ओढू दे.

चौथं, वेळा. रोज सात वाजता काढणारी बाई एखाद्या दिवशी मीटिंगमुळे अकरा वाजता काढते, त्या दिवशी संध्याकाळी गाठ. पंप लावायला मिळणार नसेल तर बाथरूममध्ये जाऊन दोन-तीन मिनिटं हाताने थोडं काढून टाका, फक्त तणाव जाईपर्यंत. बाळ रात्री एकदम सलग झोपायला लागलं की पण हेच होतं. त्यावेळी मध्यरात्रीचं पंपिंग एका झटक्यात बंद करू नका, आधी कमी वेळ काढा, मग अजून कमी. आणि वायरवाली ब्रा, खांद्यावरून आडवा घेतलेला जड बॅगचा पट्टा, पालथं झोपणं, हेही बघा, कारण हा दाब तासन् तास राहतो आणि लक्षात येत नाही.

दूध खूप जास्त असेल तर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दलच कोणी बोलत नाही. फ्रीजर भरून ठेवलेल्या पिशव्यांचे फोटो बघून आपल्यालाही वाटतं की जेवढं निघेल तेवढं काढावं. बाळाला दिवसाला जेवढं लागतं त्यापेक्षा खूप जास्त काढत असाल तर छाती कायमच भरलेली, सुजलेली आणि एक वेळ चुकली तरी गाठ. अशा बाईला गाठीवर कितीही उपाय केले तरी दोन आठवड्यांनी परत येणार. तिला दूध कमी करायला लागतं. प्रत्येक वेळचं थोडं थोडं कमी काढायचं, काही दिवस तिथेच थांबायचं, छाती मऊ राहतेय हे बघायचं, मग परत थोडं कमी. एकदम नाही, एकदम केलं तर त्यातूनच गाठ होते. ज्यांचं दूध तरीही थांबत नाही त्यांनी लॅक्टेशन कन्सल्टंट (स्तनपानाबद्दल सल्ला देणारे तज्ज्ञ) किंवा डॉक्टरांना विचारा, त्यासाठी औषधंही असतात पण ती स्वतःहून घ्यायची नाहीत.

बाळाला पुरून थोडं जास्त असणं यात काही वाईट नाही, तसं समजू नका. एखाद-दोन दिवसाचं दूध फ्रीजरला असलं की जीवाला शांत वाटतंच.

डॉक्टरकडे कधी

ताप, थंडी वाजणं, अंग मोडून येणं, छातीवर लाली आणि गरम चट्टा, हे मॅस्टायटिसकडे, म्हणजे छातीला मोठी सूज येऊन आजारी पडण्याकडे, चाललंय. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही, तिथे चट्टा गडद, चकचकीत, ताणलेला दिसतो, त्यामुळे "लाल नाहीये म्हणजे काही नाही" असं धरू नका, हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही छातींची उष्णता ताडून बघा. नुसत्या सुजेनेही ताप येऊ शकतो, प्रत्येक तापाला अँटिबायोटिक लागतंच असं नाही. पण वर सांगितलेलं सगळं करून २४ तासांत उतार नसेल तर दाखवाच. आणि ताप ३८.५ अंशांच्या वर म्हणजे साधारण १०१ फॅरनहाईट, खूप थंडी भरून येतेय, लाली भराभर पसरतेय, निपलमधून पू येतोय, उलट्या होतायत, किंवा एकंदरीत फारच गळून गेल्यासारखं झालंय, तर २४ तास थांबायचं नाही, लगेच जायचं.

अँटिबायोटिक दिलं तर पंप करत असल्याचं सांगून घ्या, पाजताना चालणारी बरीच औषधं आहेत. कोर्स पूर्ण करा, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका. "दूध बंद करा, टाकून द्या" असं कोणी म्हणालं तर का ते विचारा, कारण बहुतेक वेळा तशी गरज नसते आणि अचानक बंद केल्याने आजार चिघळू शकतो.

गाठ मऊ, आत पाणी हलल्यासारखी लागतेय, खूप ठणकतेय, औषध चालू असूनही कमी होत नाही, तर आत पू झालेला असू शकतो. सोनोग्राफीत कळतं आणि सहसा सुईने किंवा छोटी नळी घालून तो काढतात, त्यानंतरही पाजणं आणि पंपिंग चालू ठेवता येतं.

परत परत त्याच जागी येणाऱ्या गाठीसाठी फिजिओथेरपिस्ट अल्ट्रासाऊंड थेरपी देतात, त्याचा काही जणींना चांगला उपयोग होतो, डॉक्टरांना विचारून बघा. आणि जी गाठ आठवडाभर झाला तरी लहान होत नाही, दूध काढलं न काढलं तरी तश्शीच राहते, ती "दुधाचीच असेल" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा ती साधीच निघते, कधी आत दूध साठून झालेली गोळी असते, पण क्वचित दुसरंही काही असतं आणि पाजत असताना कॅन्सर होत नाही हा गैरसमज आहे. दूध येत असताना सोनोग्राफी करता येते, मॅमोग्राफीसुद्धा करता येते, त्यासाठी दूध बंद करावं लागत नाही. जायच्या आधी पंप करून छाती हलकी करून जा, म्हणजे तपासणी सोपी पडते.

सूज उतरल्यावर ती जागा काही दिवस हुळहुळी राहते आणि त्या बाजूचं दूध थोडं कमी येतं. तेव्हा घाबरून जास्तीचं पंपिंग सुरू करू नका, नेहमीच्या वेळा पाळल्या की दूध हळूहळू परत पहिल्यासारखं यायला लागतं.